सत्तावन्न

आमच्या सावळजच्या शेडवर
चार किलो द्राक्षं जाळीवर पसरली
की पंधरा दिवसांनी किलोभर बेदाणा उतरतो.
बाकीचं पाणी कुठं जातं
हे मी कधी विचारलं नव्हतं.
माझं काम काड्या वेचायचं.

दस्तगीर भरला साठ किलो चारशे.
निवड सत्तावन्नात.
हातात चार दिवस.
वस्ताद म्हणाले, पाणीच तर आहे, उतरंल.

मग रबराचा सूट, त्यावर अब्बाचं स्वेटर,
आणि चैत्राच्या उन्हात
मणेराजुरीचा चढ, वर, खाली, परत वर.
चिंच चोखायचा, तोंडाला सुटलेलं
बाटलीत थुंकायचा
आणि बाटली उजेडात धरून बघायचा,
जसा आमचा मालक बेदाण्याचा रंग बघतो.

शेवटच्या रात्री माठाला पाठ लावून बसला.
प्यायला नाही. गारव्याला.
नंतर कान लावला माठाला.
"आपा, झिरपतंय. ऐकू येतंय मला."
मी झोपेचं सोंग घेतलं.

सांगलीत, सकाळी, काट्यावर
छप्पन्न किलो नऊशे साठ.
वस्तादांनी पाठीवर थाप मारली,
तो एक पाऊल पुढं गेला त्या थापेनं.
मग दोन तांबे ताक, इलेक्ट्राल, पाच केळी.
कुस्तीला दीड तास.

समोर वाळव्याचा पोरगा,
पोहे खाऊन आलेला, मुळातच सत्तावन्नाचा.
पहिली पकड आमचीच.
पण बाकी सगळी पोरं घामानं चकचकीत
आणि दस्तगीर कोरडा,
मॅटवर एकटा कोरडा.
पट काढायला वाकला
आणि पोटरीत गाठ आली, वाकलेलाच राहिला.
मानेवरचा त्याचा हात
कुणी न सोडवता सुटला.
लोणचं खाऊन हात धुतल्यावर
बोटं जशी आपली वाटत नाहीत, तसा
तो स्वतःच्या बोटांकडं बघत होता.

दम कमी पडला, वस्ताद म्हणाले.
एस्टीत कोणीच काही बोललं नाही.
मणेराजुरीचा चढ आला
तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.
कसली ओल नव्हती तिथं.

रात्री मूठभर बेदाणे
वाटीत भिजत घातले, त्याच्यासाठी.
सकाळी फुगून गोल झालेले, गुळगुळीत.
द्राक्ष म्हणावं असं
एकही नव्हतं त्यात.

दस्तगीर उठला,
वाटीतलं पाणी तेवढं प्याला,
बेदाणे तसेच ठेवले.