पाऊणकी

अर्ज क्रमांक एकेचाळीस. मैमुना होडेकर, मु. खारबेट.
एम.एस्सी. नर्सिंग, सामाजिक आरोग्य. जागा बारा.
मुलाखत नऊला. आली नऊ वाजून अकरा मिनिटांनी,
सलवारीच्या काठाला खाजणातला चिखल,
अर्धा धुतलेला, अर्धा वाळलेला.
अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं
आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचं खोडता येतं,
आम्ही सहसा खोडत नाही.

मी तिसऱ्या खुर्चीवर. पुढ्यात तक्ता:
पदवीला चाळीस, प्रवेश परीक्षेला तीस,
शोधनिबंध, इंग्रजी संभाषण, व्यक्तिमत्त्व, दहा-दहा.

"टेल अस अबाउट युवरसेल्फ."
पंखा फिरत राहिला. तिने ओढणी सारखी केली.
खिडकीखालून बर्फाचा टेम्पो गळत बंदराकडे गेला.
मग उशीर का झाला, ते मीच मराठीत विचारलं.

"आज बीज, मॅडम. दोनाची पाऊणकी दीड.
दीडला भरती, म्हणजे साडेसातला पुरी सुकती.
तर मध्येच टेकली. उतरून चालत आले."

"दोनाची काय?" अध्यक्ष म्हणाले.
संख्याशास्त्राचा पेपर तेच काढतात.

तिने सांगितलं, समजूतदार पोराला सांगावं तसं:
तिथी घ्यायची, पाऊणपट करायची,
भरतीची वेळ निघते, थोडी पुढेमागे.
उपकेंद्रात लसीची पेटी तारखेला येत नाही, तिथीला येते.
अष्टमीला सहाला पाणी भरतं,
कळा सुरू झालेली बाई उजाडता पार होते.
"बीज-तीज जवळ आली की नववा लागलेल्यांना
आदल्या संध्याकाळीच अलीकडे आणून ठेवते.
माझ्या मावससासूच्या पडवीत तीन खाटा आहेत."

सहा वर्षांत किती दगावल्या, विचारलं कुणीतरी.
तिने बोटं मोजली नाहीत.
"एक. चतुर्थी होती.
मी नवीन होते तेव्हा, तारीख बघायचे."

शोधनिबंध: शून्य. शून्य मीच लिहिलं,
रकान्यात दुसरं काही मावत नव्हतं.
इंग्रजी: दोन.
व्यक्तिमत्त्वाला मी दहा दिले, त्या दोघांनी चार-चार.
यादी लागली. ती पंधरावी.
बारावा मुलगा वाईट नाही, मीच शिकवते त्याला,
फक्त खाडी त्याने पुलावरून पाहिली आहे.

आणि हे सांगायलाच हवं:
व्यक्तिमत्त्वाचा रकाना आठ वर्षांपूर्वी मीच सुचवला होता.
वाटलं होतं, गुणांच्या मागचं माणूस दिसेल.
दिसत गेले ते बूट.

यंदाच्या बैठकीला मी पिशवीतून पंचांग काढलं.
हसले सगळे. चहा आला, शंकरपाळे आले.
दोन तास भांडून एक वाक्य इतिवृत्तात शिरलं:
मुलाखती अष्टमीच्या आसपास ठेवाव्यात.
टंकताना लिपिकाने विचारलं,
"मॅडम, यात धार्मिक काही नाही ना?"
म्हटलं, मैमुना होडेकरला विचार.
कामाच्या वर्षांना गुण द्यायचे की नाही,
ते पुढच्या बैठकीत. इंग्रजीचं त्याच्या पुढच्या.

संध्याकाळी फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.
मागे मोटरची धडधड, पाणी कापल्याचा आवाज.
"पेटी मांडीवर आहे, मॅडम, बर्फ विरघळायच्या आत पोचायचंय."
मी ओरडून सांगितलं, अर्ज परत भर,
शेवटची तारीख एकोणीस.
ऐकू गेलं नसावं. मग गेलं.
"तारीख नको," ती म्हणाली, "तिथी सांगा."

मी फोन कानाला तसाच धरून
कॅलेंडर शोधायला उठले.