तुकडा काजू

नोव्हेंबरचं पान फाडलं
की त्याची मागची बाजू माझी.
दूध, गॅस, वीज, सोसायटी,
शारोनच्या व्हॅनचे बाराशे,
आणि अगदी वर, सगळ्यांच्या आधी,
दशांश.

दरवर्षी याच रात्री आमचं ठरलेलं भांडण :
दहावा भाग कुठल्या पगाराचा?
हातात आलेल्या, की कापाकापीच्या आधीच्या?
रत्नाकर म्हणतो, पीएफ काय देवाने कापला?
मी म्हणते, नाही ना कापला, म्हणूनच.
मग एक चहा दोघांत
आणि एक मधलाच आकडा,
जो कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

नाताळाला उरतात चार हजार तीनशे दहा.

शनिवारी तुर्भ्याला जाते, मसाला मार्केटात.
दुकानदार पिशवी उघडायच्या आधीच विचारतो,
ताई, तुकडाच ना?
तुकडाच.
अख्ख्यापेक्षा किलोला दोनशेने कमी,
आणि करंजीच्या पोटात गेल्यावर
कोण विचारतं काजूला, बाबा, तू अख्खा होतास का?
बेदाणे बारीक घेते, वेलदोडे मोजून.
खोबरं मात्र चांगलं.
खोबऱ्यात काटकसर केली
की दुसऱ्या आठवड्यात डबा बोलतो.

नानकटाई कोपरखैरण्याच्या भट्टीवर.
मैदा आपला, साखर आपली,
तूप अर्धं, डालडा अर्धा
(हे फक्त मला आणि भट्टीवाल्या इर्शादला ठाऊक),
त्याची नुसती भाजणावळ.
ट्रेवर नावाची चिठ्ठी खोचतो तो,
घरी येईतो तीही तपकिरी होते :
उजागरे, तीन किलो.

शारोनच्या फ्रॉकची दुमड उसवली,
दोन बोटं कापड निघालं,
न धुतलेलं, न विटलेलं, गडद.
नवा आहे का, तिने विचारलं.
खालची दोन बोटं नवी आहेत, म्हटलं.
तिला ते पटलं. आरशासमोर
ती फक्त खालचंच बघत होती.

मागच्या वर्षीचं पान मी टाकत नाही,
भाव ताडून बघायला लागतं.
तिथे नाताळाला दोन हजार चारशे साठ.
या वर्षी चार हजार तीनशे दहा.
मला वाटलं, बेरीज चुकली.
मधला फरक अठराशे पन्नास.
बोट खाली सरकवत गेले, पान संपायच्या जरा आधी
माझ्याच अक्षरात, घाईघाईने :
अण्णांची औषधं.

या पानावर ती ओळ नाही.

म्हणजे परवडला असता अख्खा काजू.
पण तोंडाला वळण पडलेलं असतं,
दुकानदाराला तरी काय सांगणार होते?
अठराशे पन्नास वेगळ्या पाकिटात घातले.
पाकिटावर काय लिहू, रत्नाकरला विचारलं.
काही लिहू नकोस, म्हणाला.
पेन त्याच्याच हातात होतं.
दशांशात धरायचे का,
हे या वेळी दोघांनीही काढलं नाही.

लाडवहिनींनी दिवाळी झाल्यावर त्यांची चांदणी दिली,
पैसे घेईनात.
एका अंगाला सोनेरी कागदाचं 'शुभ दीपावली',
ती बाजू आम्ही घराकडे वळवलीय.
रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसती चांदणी दिसते.
दिवा लावला की अक्षरं आत येतात,
उलटी होऊन, खाटेवर.

खाट अजून खिडकीशीच आहे.
तिच्यावर वर्तमानपत्र पसरून
करंज्या गार व्हायला ठेवल्यात.
एकवीस तारखेला कॅरोलवाले येतील, पंचवीस जण,
एकेकाला एक. मग शेजार, मग शाळेचा डबा,
लिदियामावशीला चार, तिला दात नाहीत तरी.
साठ पुरतील, असं धरून पीठ भिजवलं होतं.

मोजल्या तर एकसष्ट.

अण्णा मोजले असते तरी साठच म्हणाले असते,
एक खाऊन मोजायला बसायचे.

परत मोजते.