पाण्यात पाहणं

महिन्याच्या पहिल्या रविवारी, धारा काढून झाल्या की
आम्ही नऊ जण केलीच्या ओढ्यावर जमतो.
केली कोण होता, कुणालाच ठाऊक नाही.
इथं साउथलंडच्या टोकाला
माणसं जातात, नावं ओढ्यांना उरतात.
गमबूट, थर्मास, एक वही,
आणि मीटरभर लांब पारदर्शक नळी,
आत चुंबकावर सरकणारी काळी चकती.
नळीत ओढा भरायचा. डोळा लावायचा.
ज्या सेंटिमीटरला चकती दिसेनाशी होईल
तो आकडा मोठ्याने सांगायचा.

मोठ्याने. अवघड तेवढंच.

आधी नुसत्या सभा व्हायच्या, शाळेच्या हॉलमध्ये.
तीनशे ऐंशी गायी माझ्या, म्हणून अध्यक्षही मीच.
पाणी वाहायचं खाली, बोटं वळायची वर.
मी म्हणायचो, वरच्या टकरचं बघा.
टकर म्हणायचा, माझ्या वरच्या ऑर्मंडचं बघा.
ऑर्मंडच्या वर नुसता डोंगर,
तो बिचारा धुक्याकडे बघून गप्प.
आणि सगळ्यात खाली, ओढा खाडीला मिळतो तिथली
मेरेआना पाराता.
तिने एकदाच वही उघडली,
आजोबांपासून लिहिलेली,
एका रात्रीत सापळ्यात किती वामा.
वाचायला बराच वेळ लागला.
शेवटचा आकडा तीन.

मग ही नळी आली.
टकरच्या कुंपणाशी एकोणऐंशी.
माझ्या शेताखाली बावीस.
ऑर्मंडची नात आयला, दहा वर्षांची,
तिने बावीस मोठ्याने वाचलं,
आणि कुणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा वाचलं.
कौन्सिलचा माणूस नव्हता, दंड नव्हता.
दंड असता तर भांडलो असतो.

पाणी कुठंतरी मुरतंय, टकर म्हणाला.
कुठं, ते मला माहीत होतं.
दलदल सुकवून कुरण करताना
वडिलांनी चिकणमातीत पुरलेल्या भाजक्या नळ्या.
त्यांचा नकाशा कागदावर नव्हता,
वडिलांच्या डोक्यात होता, मग माझ्या.
विलोच्या मुळांमागं त्यांचं तोंड उघडतं.
दोन रविवार मी सगळ्यांना विलोला वळसा घालून नेलं,
म्हणालो, इथं घसरतं.

तिसऱ्या रविवारी मेरेआना तिथंच थांबली.
थर्मास उघडून मला चहा दिला.
विचारलं काहीच नाही.
चहा संपेपर्यंत मी उभा राहिलो,
मग गुडघ्यांवर बसलो, मुळं बाजूला केली.
करडं पाणी. आणि वास,
माझ्याच गोठ्याचा,
चाळीस वर्षांत मला न आलेला.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच.
कुंपण सहा मीटर मागं घेतलं, मधल्या पट्टीत हाराकेके लावलं.
नळीच्या तोंडाशी लव्हाळ्यांचं डबकं केलं,
पाण्यानं घटकाभर बसून पुढं जावं म्हणून.
ऑर्मंडनं जेसीबी आणला, डिझेलचे पैसे घेतले नाहीत,
आणि वर्षभर ते ऐकवले.
मुलानं हिशेब मांडला: अकरा गायींचं गवत गेलं.
त्या अकरा ट्रकमध्ये चढल्या तेव्हा
मी शेडमध्ये नको तो नट घट्ट करत बसलो.
टकर आपल्या नळ्यांबद्दल अजून बोलत नाही.
पण हल्ली मेरेआनानं दिलेला चहा
तो फार पटकन संपवतो.

एकमेकांना पाण्यात पाहण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या.
आता पाण्यातच पाहतो,
पाळीपाळीनं, एक डोळा मिटून.

गेल्या महिन्यात माझ्या शेताखाली एकेचाळीस.
आज, रात्रभर दक्षिणेचा वारा झोडपून गेल्यावर, सत्तावीस.
आयला आता चौदाची आहे,
आकडा तसाच दोनदा वाचते.
मेरेआना निळ्या शाईनं सत्तावीस लिहिते,
खालच्या ओळीत पुढच्या रविवारची तारीख टाकते,
आणि समोरची जागा
कोरी ठेवून वही मिटते.