चकती

रेतीचा डबा मी कमोडशेजारी सरकवला
तेव्हा बाबा हॉलमधून म्हणाले,
"मांजराला इंग्रजी शाळेत घालतोयस का?"

खुब्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते.
डॉक्टरांनी सांगितलेलं, उकिडवं बसायचं नाही, कधीच.
तो 'कधीच' बाबांनी ऐकून
गादीखाली ठेवून दिला असावा.
कमोडचं नाव काढलं की भिंतीकडे वळायचे:
"आत्ता नाही. मला लागलेली नाही."

डबा दर आठवड्याला थोडा वर चढवायचा, अशी पद्धत.
खाली रद्दी, मग दिवाळी अंक,
मग सोसायटीच्या वार्षिक सभांचे अहवाल,
जे कुणीतरी शेवटी उपयोगात आणले.
बुंदी चढत गेली.
बोपोडीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं मांजर,
तिला उंचीचं काय.

पुढे पत्र्याचं ताट हवं होतं, बैठकीखाली बसणारं,
मधोमध भोक.
मी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन बसलो.
"आण इकडे. पत्रा असा चिरतात?"
एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फिटर.
वॉकरला लटकवलेल्या पिशवीतून
चष्मा निघाला, पेन्सिल, कंपास, कानस,
ती कानस तिथे कधीपासून होती कोण जाणे.
दोन इंची भोक. कड तीनदा घासली,
स्वतःच्या गालावर फिरवून बघितली.
"पंजाला लागायला नको."

पुढच्या रविवारी तीन इंच. मग चार.
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली,
व्यास आणि तारीख.

बुंदी शिकली. शपथेवर सांगतो.
चारही पाय कडेवर, नजर समोरच्या टाइलवर,
रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखी.
तांबोळी वहिनी बघायला आल्या,
टाळ्या वाजवल्या तर चालेल का, विचारून गेल्या.

सहा इंचांना बिघडलं.
झाल्यावर ती उकरायला लागली,
आणि रेती तर उरलीच नव्हती.
चिनी मातीवर, झाकणावर, टाकीवर,
मग नुसत्या हवेत.
कर्र, कर्र. पाच मिनिटं. दहा.
मी फ्लश ओढला. ती पलंगाखाली.

बाबा दारात उभे होते, वॉकर धरून.
"झाकायला काही नाही रे तिला,"
म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मीही नाही बघितलं.
इतके दिवस मी त्यांना पुसत होतो.
भांडं, कोमट पाणी, डेटॉल, जुना पंचा.
ते डोळे मिटून घ्यायचे
आणि मी बोलत राहायचो:
गुरुवारी पाणी येणार नाही,
मेट्रोखाली परत खणलंय,
मटार साठ रुपये झाला,
वाट्टेल ते,
मूठमूठभर.

सात इंची भोक पाडलं नाही.
समोरच्या बांधकामावरून पिशवीभर रेती मागून आणली,
डबा वॉशिंग मशीनमागे, पहिल्या जागी.
चकती बाबांनी पुसून
गॅसच्या पुस्तकाशेजारी उभी केली.
"वाया गेलेलं काम नाहीये ते," म्हणाले,
मी तसं म्हटलं नसतानाही.

त्याच आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमाराला
वॉकरचे रबरी पाय वाजले.
उठलो तर बाबा कमोडकडे तोंड करून उभे,
कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा आल्यासारखे.
मी पुढे झालो.
"नको. दार लोटून घे."
लोटलं. बुंदी फटीतून आत गेली.

बाहेर, अंधारात, मी काहीतरी बोलणार होतो.
मटार, मेट्रो. नाही बोललो.
बराच वेळ काही नाही.
मग नळ. मग नखं, फरशीवर, कर्र, कर्र,
आणि आतून बाबांचा आवाज:
"अरे, ही माझं झाकत्ये."

"बाहेर घेऊ का तिला?"

"राहू दे. करू दे तिला."