शुद्धिपत्र

परिषदेचं पत्र आलं तेव्हा
मी कॉलेजमागच्या टपरीवर तासांचा हिशेब मांडत होतो:
या महिन्यात एकोणचाळीस, समाजशास्त्र, बी.ए. भाग दोन,
त्यातले सहा मंडईच्या सुट्टीत बुडाले.
पाकिटावर दिल्लीचा शिक्का,
आत माझा सभासद क्रमांक, पहिल्यांदाच छापील,
आणि खाली एक ओळ:
अहवाल ज्या गावाचा, त्या गावात वाचून दाखवावा.
नियम अकरा.
कोणी कधी पाळल्याचं ऐकिवात नव्हतं.

पवनीची एसटी फाट्यावर सोडते.
तिथून मामा तलावाच्या पाळीवरून पायी, कोसंबीटोली.
समाजमंदिरात सतरंजी, तीसेक माणसं,
बायाच जास्त. प्रत्येकीच्या मांडीवर सूप,
सुपात तेंदूपान, जर्दा, कात्री.
माझं वाचणं सुरू, त्यांचं वळणं सुरू.

अहवालात नावं नसतात.
आमच्या शास्त्राची ती सभ्यता.
कुटुंब क्रमांक तेरा: मासेमारी, जाळी दोन, डोंगा नाही.
मागून कोणीतरी, "अरे, हा त सितकुरा!"
कुटुंब सत्तावीस: मुलगी नर्सिंगला, नागपूर.
सगळ्या माना एकाच खांबाकडे वळल्या.
गोपनीयता जेमतेम चार मिनिटं टिकली.

मग तक्ता सात.
कुटुंब त्रेचाळीस. स्त्री, वय बावन्न.
व्यवसाय: काम करत नाही.

काहीतरी थांबलं.
काय ते मला लगेच कळलं नाही,
पंखा बंद पडल्यावर कळतं तसं, जरा उशिरा:
कात्र्या.

दुरपताबाई नंदेश्वर जागेवरून उठल्या नाहीत.
"त्रेचाळीस म्हणजे मीच ना गा मास्तर?
तो चष्म्यावाला पोरगा आलता.
काय करता म्हणे.
मी म्हणलो, कायी नायी, घरीच रायतो.
त्यानं लिवेपर्यंत माहा दीड कट्टा बांधून झाला.
त्याले दिसला नायी,
मले सांगासारका वाटला नायी."

चष्म्यावाला पोरगा माझाच विद्यार्थी.
तक्त्याखाली बारीक अक्षरात "तपासले",
पुढे सही. माझी.
ती मी तेवढी वाचली नाही.

रात्री पत्र लिहिलं. तीनदा फाडलं.
तासिकेवरचा मास्तर, त्याने परिषदेला काय सांगावं,
की रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला
आपण रिकामी लिहिलं?
टाकलं शेवटी पोस्टात, साध्याच पाकिटात.

पावसाळा गेला. धान निसवलं.
मग सचिवबाईंचं उत्तर, टाइप केलेलं, एक शब्द हाताने खोडलेला:
असंच एक पत्र सागरहून आलंय, एक जंगीपूरहून,
एक कुठल्याशा डोंगरातून, तिथे बाया लोकर कातत होत्या.
कार्यकारिणीत दोन तास वाद झाला.
एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, व्याख्या म्हणजे व्याख्या.
तरी प्रश्न बदलला:
"काय करता?" खोडून
"काल उठल्यापासून हातांनी काय काय केलं?"

आणि नियतकालिकाच्या शेवटच्या पानावर,
वर्गणीच्या दरांखाली, दोन ओळी.
शुद्धिपत्र. तक्ता सात, कुटुंब त्रेचाळीस:
"काम करत नाही" ऐवजी "विडी कामगार" असे वाचावे.

तेवढं पान घेऊन गेलो.
दुरपताबाईंनी ते सुपाच्या काठाला टेकवलं,
जर्दा लागू नये म्हणून जरा दूर.
"नाव नायी टाकलं?"
नाही. क्रमांक आहे.
"मंग ठेकेदाराले काय दाखवू?"

मी गप्प.
त्यांनी एक विडी उचलून दोन बोटांत फिरवली,
चांगली होती, मलासुद्धा कळलं.
"हे अशी. हे बी छाट म्हणते तो.
हजारामागं पन्नास काढते, पैसे नायी देत,
अन् छाट काई फेकत नायी, घेऊन जाते.
कुठं जाते ते? इचारलं का तुमच्या परिषदेनं?"

नव्या प्रश्नावलीत तो रकाना नव्हता.
मी समासात लिहायला घेतलं.
शेवटची एसटी फाट्यावर हॉर्न देत होती,
बाईंनी सूप जवळ ओढलं, म्हणाल्या,
"जाय ना गा, चुकन तुही गाडी."
मी विचारलं, पन्नास रोज, की कधी जास्त?