दोन हात

भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला भोकं आहेत,
आणि ती बुजवायला
नगरपालिकेनं मला ठेवलंय, एकतीस वर्षं.

त्रिएस्ते. बंदरामागची दुसरी गल्ली,
जुन्या जकातघराच्या माडीवर पाच दालनं.
प्रदर्शन उतरतं सोमवारी.
चित्रं घोंगड्यांत गुंडाळून खोक्यांत जातात
झ्युरिकला, ल्योंला, कुणाच्या तरी तळघरात.
मागं खिळे उरतात.
मी ते उपटतो, लांबी भरतो, कागदानं घासतो,
मग पांढऱ्याचे दोन हात.
वर्षाला चार प्रदर्शनं, आठ हात.

दुशान होता तेव्हा म्हणायचा,
लांबी भरून भरून
आपण खोलीची लांबी कमी करतोय, एर्मिनियो.
एक दिवस लोकांना दारातूनच बघावं लागेल.
मी हसलो नव्हतो.
शिडी माझ्या खांद्यावर होती.

यंदाची बाई रिगाहून आली, दाइगा,
पिशवीत एक स्वेटर आणि सफरचंदं.
क्युरेटर तीनदा विचारून गेला, खोकी कधी येणार?
ती भिंतीवर बोटं वाजवत फिरत होती,
डॉक्टर पाठीवर वाजवतो तशी.
तिसऱ्या दालनात थांबली.
म्हणाली, ही.

शस्त्रक्रियेचं पातं घेऊन
नऊ दिवस खरवडत होती
ताटाएवढं एक वर्तुळ.
मी खाली कागद धरून.
मला वाटायचं पांढरं म्हणजे पांढरं.
एक निघालं निळसर, स्वस्त टेंडरचं.
एक सायीसारखं.
एक राखाडी, त्या वर्षी अंधारात व्हिडिओ चालायचे
आणि पहारेकरी घोरायचा.
सातव्या दिवशी शिसपेन्सिल लागली.
दुशानचं अक्षर.
मध्य १५२.
त्याखाली: एर्मिनियोकडे बारा हजार लिरा.

तिनं वाचायला सांगितलं. मी वाचलं.
दिलेत का, तिनं विचारलं.
दिले, म्हणालो.
नव्हते दिले.

उद्घाटनाला महापौर, प्रोसेको, काडीला टोचलेले ऑलिव्ह.
पाटीवर तिचं नाव, आणि साहित्य:
चुना, लांबी, रंग, काळ.
लोक वाकून बघत,
खोडाची वलयं मोजावीत तसे.
बुधवारी शाळेची रांग आली.
एका दात पडलेल्या मुलीनं विचारलं,
हे सगळं कुणी रंगवलं?
बाईंनी पाटी वाचून दाखवली.
मी दाराशी उभा, हात मागे बांधून,
पेरांत अडकलेलं पांढरं
कुणाला दिसत नव्हतं.

आज सोमवार.
घोंगडी नाही, खोकं नाही, विमा नाही.
करारात एवढीच ओळ: भिंत पूर्ववत करावी.
लांबी कालवून ठेवलीय.
बारा हजार लिरा म्हणजे
सहा युरो वीस सेंट, मी कागदावर मांडून पाहिलं.
दुशानच्या अक्षराशेजारी
एक जुनं खिळ्याचं भोक आहे, मोठ्या खिळ्याचं.
पात्यानं थोडं कोरलं तर
वीस सेंटचं नाणं आडवं बसतं.
बसलं.
सहा युरो बाकी.

त्यावर लांबी,
घासून सपाट,
पांढऱ्याचा पहिला हात.
बाहेर बोरा सुटलाय, काचा थडथडतायत,
खिडक्या लावून घेतल्या म्हणून वाळायला वेळ लागतोय.
पहिला वाळल्याशिवाय
दुसरा देता येत नाही.
बादली उपडी घालून
बसलोय.