एकास बारा

तीन पायऱ्या होत्या शाळेला.
प्रत्येकी सहा इंच. मी नंतर मोजल्या,
लाकडी पट्टीनं, रविवारी, कुणी नसताना.

पहिल्या वर्षी मेंढरं माळावर सोडून
एक पोरगा आला होता, पाठीवर धाकटा भाऊ,
त्याचे पाय दोन्हीकडून लोंबते,
ज्वारीच्या वाळल्या धाटासारखे.
बिराप्पा म्हणाला, ह्यो सोमू.
बाजारातल्या पाट्या वाचतोय, मराठीबी, कानडीबी.
मी म्हणाले, आपल्याकडं सोय नाही रे अजून,
पुढच्या वर्षी बघू.
तो म्हणाला, हां बाई.
भांडला असता तर बरं झालं असतं.
सोमू जाता जाता मान वळवून
आमच्याच दारावरची पाटी वाचत होता,
मोठ्यानं, जोडाक्षराशी अडखळत:
सर्वां-साठी.

उताराचं गणित एका जाड सरकारी पुस्तकात सापडलं.
एक फूट उंचीला बारा फूट लांबी.
गुरुबसू गवंडी हसला. दीड फुटाला अठरा?
बाई, एवढ्यात माझा म्हशीचा गोठा हुतोय.
मग वाळू चाळता चाळता म्हणाला,
आमची अव्वा चार वर्षं उंबऱ्याच्या आतच हुती.
पुढं बोलला नाही.
मजुरी निम्मीच घेतली, तीही दिवाळीनंतर.

उतारानं कबड्डीचं अर्धं मैदान खाल्लं.
ओल्या सिमेंटवरून रात्री कुणाचं तरी करडू चालून गेलं,
ते खूर अजून आहेत.
जतच्या या कोपऱ्यात पाऊस पडलाच कधी,
तर त्यांत घोटभर पाणी साठतं, चिमण्यांपुरतं.

सत्तेचाळीस आहेत आता पटावर.
मायाक्काला ऐकू येत नाही, म्हणून हजेरीला
सगळा वर्गच पंजा हलवतो.
तपासणीचे साहेब म्हणाले, वर्ग एवढा गप्प का?
मलिकजाननं त्यांना खुणेनंच सांगितलं, बसा.
कल्लाप्पा बोटांनी वाचतो,
पुठ्ठ्यावर चिकटवलेले चिंचोके.
एकदा उंदरांनी ‘ळ’ कुरतडला,
तर दिवसभर तो बाभूल म्हणत फिरला,
विचारलं की सांगायचा, उंदराला विचारा.

सगळे दिवस असे नसतात.
दूधडेअरीच्या चेअरमनांची सून
पोराचं नाव काढायला आली:
असल्यांत बसून आमचाबी तसाच व्हईल.
दाखला मी चांगल्या अक्षरात लिहून दिला,
आणि त्या दुपारी विनाकारण
रुक्मीवर ओरडले. ती ऊसतोडीहून परतलेली,
हातावर पाचटाचे ओरखडे,
तेराचा पाढा वाटेत कुठंतरी सांडून आलेली.
तिनं मला दुसऱ्या दिवशी बोरं दिली.
का, ते मी विचारलं नाही.

उतारावरून रोज चढतात
पोषण आहाराची पोती, गोट्या, शेळ्या,
गुडघे दुखणारी मदतनीस तुळसाबाई.
ज्याच्यासाठी बांधला, तो सोडून.

परवा माडग्याळच्या बाजारात बिराप्पा भेटला.
मिशी फुटलेली, खांद्यावर घोंगडं.
सोमू? अथणीला हाय मामाकडं, किराणाच्या गल्ल्यावर.
हिशेब पक्का. पुड्या बांधायच्या रद्दीतलं
काय बी सोडत न्हाई, वाचतोय.
मी उताराचं सांगितलं. अठरा फूट म्हणाले,
आणि दोन्ही हात फाकवून दाखवायला लागले,
जणू मीच धरलेला मोठा मासा.
मेंढरांच्या गलक्यात तो म्हणाला,
चांगलं झालं बाई.
तोच आवाज. हां बाई म्हणालेला.

पटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक नाव आहे.
हजेरी संपली की ते मी मनातच घेते.
तेव्हा कुणीही पंजा हलवत नाही.
फक्त मायाक्का माझ्या ओठांकडं बघत असते,
आणि मग मागं वळून
दाराकडं.